ठकीच्या पानातलं मीठ

पानात पहिलं वाढायचं ते मीठ. मग लिंबू, मग चटणी, मग बाकीचा पसारा. तुळजाबाईला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. बारशाची आणि बाराव्याची पानं वाढण्यातच तिचा अर्धा जन्म गेला होता. तरी थोरल्या नणंदेनं, धोंडाबाईनं, सगळ्यांदेखत तिचा हात धरला.

"मीठ नगं वाढू, तुळजे. ठकीला मीठ चालत न्हवतं."

ठकी म्हणजे तुळजाबाईची लेक. सातव्या वर्षी पोरीच्या अंगावर सूज चढली आणि पुण्याच्या डॉक्टरनं मूत्रपिंडाचा आजार सांगून तिचं मीठ तोडलं. पुढं जगली तेवढी वर्षं पोर अळणी जेवली आणि गेल्या साली भातलावणीच्या दिवसांत गेली. लेकराचं कसलं वर्षश्राद्ध, असं गाव म्हणत होतं. पण बाप भिवाजी हटून बसला. मग उरवड्याहून धोंडाबाई आली आणि आल्या आल्या तिनं चुलीचा ताबा घेतला. ठकीच्या नावाचा भात अळणी, आमटी अळणी, तिच्या आवडीची वांग्याची भाजी, तीही अळणी!

तुळजाबाईच्या तळपायाची आग सकाळीच मस्तकात गेली होती. त्यात शेजारची चंद्राबाई नातवाला सांगत होती, "बघ, ठकीताई कशी मुकाट खायाची. कदी मीठ म्हणून मागितलं न्हाई. लई गुणाची, बिचारी."

मुकाट! तुळजाबाईला वाटलं, हिच्याच तोंडात एक खडा कोंबावा. अहो, मिठासाठी ठकीनं घर डोक्यावर घेतलं होतं. मडकं आढ्याला टांगलं, तर ही कणगीवर चढली. गोठ्यातले बैलांचे खडे पळवून चोखले आणि वर बापाला सांगितलं, "आबा, बैलांना मीठ पुरंना, पौडाहून जास्ती आणा." तो भोळा सांब आणतही होता! आणि हीच चंद्राबाई, ठकीनं वाळवणातले बोंबील पळवले म्हणून भर रस्त्यात शिव्या देत आली होती. आज म्हणे बिचारी. पोर गेली ती गेली, आता तिचा द्वाडपणाही या बायका पुसून टाकायला निघाल्या होत्या.

पण बायकांना तरी किती बोलायचं? मीठ तोडायला सांगणारा डॉक्टर एकदाच बोलून मोकळा झाला. रोज तीन वेळा ते तोडणारी तुळजाबाईच. पोरीच्या तोंडात बोटं घालून खडा काढणारी तीच, पाठीत धपाटे घालणारीही तीच. ठकीनं कुठूनशी म्हण उचलली होती, नावडतीचं मीठ अळणी. "माझंच मीठ अळणी, म्हंजी मीच नावडती का गं आये?" असं विचारून ती भाकरी ढकलून द्यायची. "बरी झालीस की घालीन," म्हणून तुळजाबाई वेळ मारून न्यायची. पोर बरी झालीच नाही.

"वन्सं, हात सोडा."

"अगं, कणभर बी दिऊ नगा म्हणून तूच न्हाई का समद्यांना बजावायचीस?"

"व्हय, म्याच बजावलं. आता म्याच वाढतीया."

तिनं हिसडा देऊन हात सोडवला, मडक्यात मूठ घातली आणि ठकीच्या पानावर ओतली. निम्मं मीठ भातावर पडलं, निम्मं भाजीत.

"अगं नगं!" धोंडाबाई किंचाळली. "पोरीचं आंग सुजंल!"



"कुटलं आंग, वन्सं?" तुळजाबाईचा आवाज फाटला. "आंग कुटं हाय आता?"

धोंडाबाईनं तोंडाला पदर लावला. ती तिथंच, चुलीपाशी, खाली बसली. तुळजाबाई पानाकडं बघत उभीच राहिली. तिला रडूही येईना. मग धोंडाबाईनं डोळे पुसले आणि हात लांबवून कोपऱ्यातली कैरीच्या लोणच्याची बरणी पुढं सरकवली.

"ह्ये बी वाढ," ती म्हणाली. "माझ्याकडं आली की लई रडायची ह्येच्यासाटनं. तुझ्या धाकानं म्या कदी दिलं न्हाई."