कडी न लावलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. अंगानं बाभळीचा, रंगानं निळा आणि हल्ली स्वभावानं घाबरट. गल्लीत बूट वाजले की माझी बिजागरी कुरकुरते. पूर्वी मी असा नव्हतो.

कन्नड गावाजवळच्या वाडीत सोनाजी मेंढपाळानं मला हौसेनं करून घेतलं. त्या घराची एक रीत होती. घरात माणूस असताना आतून कडी लावायची नाही. "आलेलं माणूस परत जाईल की," असं त्याची बायको कस्तुराबाई म्हणे. रात्री मला एक पाट टेकवायची, तेवढंच. सोनाजी गेल्यावर मेंढरं विकली गेली. मुलगा अजिनाथ गुलमंडीच्या बाजारात कापडाच्या दुकानात लागला आणि मी जीपच्या टपावर बसून शहरात आलो. रीतही सोबत आली. शेजारणी मला ढकलून विरजण मागायला येत. मांजर तर कुणाला विचारतही नसे.

गेल्या दिवाळीत कस्तुराबाईनं मला कडीकोयंड्यासकट निळा रंग दिला. उरलेला रंग वाया कशाला घालवायचा म्हणून समोरच्या रिकाम्या घराच्या दारालाही लावून टाकला.

तोच चांगुलपणा अंगाशी आला. समोर आलेला भाडेकरू नशेच्या गोळ्या विकत होता. पोलिसांना खबर मिळाली ती एवढीच, की घराचं दार निळं आहे.

एका दुपारी अजिनाथ जेवायला घरी आला असताना हेल्मेट, ढाली आणि बंदुका घेतलेले दहा-बारा जण आले. जणू लढाईलाच निघाले होते. कुणी हाक मारली नाही, कुणी मला बोटही लावून पाहिलं नाही. दोघांनी लोखंडी दांड्यानं धडक दिली. अहो, मी उघडाच होतो! धाडकन भिंतीवर आपटलो, बिजागरी निखळली, फळी चिरली आणि ते दोघे दांड्यासकट घरात तोंडावर पडले. मला हसूच आलं असतं, पण कस्तुराबाईवर रोखलेली बंदूक दिसली. त्यांनी घर उलटंपालटं केलं. नशेची गोळी एकही सापडली नाही.

चूक कबूल करायची सोडून त्यांच्या साहेबानं कागदावर लिहिलं, की अजिनाथनं आतून कडी लावून दार अडवलं, म्हणून पोलीस जखमी झाले. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा नोंदला गेला. दुकानाच्या मालकानं अजिनाथला सांगितलं, "गुन्ह्यातून नाव निघालं की ये."

कस्तुराबाईनं वरच्या साहेबांकडे अर्ज दिला. मी भिंतीला टेकून, चौकटीत चादर टांगलेली.

"माय, फकिरा सुताराला बोलावतो. लोक आत डोकावतेत," अजिनाथ म्हणाला.

"डोकावू दे. कडीला न् कोयंड्याला कुणी हात लावायचा नाय. आपल्या बाजूनं बोलणारं एवढंच हाय."

ते ऐकून माझी झोप उडाली. मला बोलता कुठं येतं? कडी गंजली तर? कोयंडा कुणी उपटून नेला तर? अडीच महिने मी नुसता तळमळत होतो.

शेवटी चौकशीला एक पोलीस अधिकारी मॅडम आल्या. चादरीबाहेर थांबून त्यांनी विचारलं, "येऊ का आत?"

कस्तुराबाईनं त्यांना चौकटीपाशी नेलं. "बघा मॅडम. कडी लावल्याली असती तर कोयंडा उपटून आला नसता का? ह्याचा तर दिवाळीचा रंगबी निघाला नाय."

मॅडमनी वाकून कोयंड्यावर बोट फिरवलं. रंगाला ओरखडाही नव्हता. त्यांनी फोटो काढले, सगळं लिहून घेतलं. पुढे गुन्हा मागे घेतला गेला आणि खोटं लिहिणाऱ्या साहेबावर कारवाई सुरू झाली. अजिनाथ कामावर गेला. फकिरानं माझी फळी सांधून मला चौकटीत बसवलं. मला वाटलं, आता सगळं पूर्वीसारखं होईल.

त्याच दुपारी कस्तुराबाईनं मला लोटलं. मग तिनं हात वर करून कडी कोयंड्यात घातली. निळ्या रंगाचा पहिला टवका खाली पडला.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी मोठेपणी पोलीस होईल. दारापाशी गेलात तर आधी हाक मारा, हलकेच ढकलून बघा. माझी फळी सुतारानं सांधली. पण कडी अजून लागलेलीच असते, आणि विरजण मागायला आलेली शेजारीण बाहेरूनच परत जाते.