उसनी वस्ती

"कोणाचं काय घालायचं म्हणालात?" वाफबाईंनी कोपर टेकून खाटेवर उठायचा प्रयत्न करत विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सांगितलं, या वेळी आडपडदा न ठेवता. "निरोगी माणसाची विष्ठा. पातळ करून, गाळून, नळीने तुमच्या आतड्यात सोडायची."

वाफबाईंनी मुलाकडे पाहिलं. थट्टा असती तर तो हसला असता. तो हसत नव्हता.

याच इस्पितळात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. तळमजल्यावर शस्त्रक्रियेची हत्यारं दाबाच्या वाफेत निर्जंतुक करायचं मोठं यंत्र होतं. ते त्यांच्या ताब्यात. वाफबाई हे नाव कुणी पाडलं कोण जाणे, पण ते चिकटलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक कोवळी बाळंतीण ताप चढून दगावली होती. हत्यारांचा ट्रे वेळेआधीच बाहेर काढला होता अशी कुजबुज झाली. दोष कुणाचा ते शेवटपर्यंत ठरलं नाही. वाफबाई त्या दिवशी रजेवर होत्या. तरी त्यानंतर वेळ पुरती भरल्याशिवाय त्यांनी यंत्राचं दार कधी उघडलं नाही. सर्जन दारात येऊन आरडाओरडा करायचे. "हवी तर माझी तक्रार करा," एवढंच त्या म्हणायच्या आणि स्टुलावर बसून राहायच्या.

घरीही तेच. भांडी उकळायची, फडकी उकळायची, येणाऱ्याजाणाऱ्याला आधी मोरीचा रस्ता दाखवायचा. वाफबाईंच्या लेखी जंतू म्हणजे वैरी, त्यात डावंउजवं नव्हतं.

आणि आता ही दशा. दाढ सुजली म्हणून जहाल गोळ्यांचे दोन कोर्स झाले. दाढ बरी झाली, पोट गेलं ते गेलंच. दिवसाला पंधरा-पंधरा वेळा. तीनदा औषधाने थांबलं, तीनदा उलटलं. चार महिन्यांत बाई निम्म्या झाल्या होत्या.

"तुमच्या पोटात कित्येक लाख कोटी जीव राहतात, बाई," डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसल्या. "राहत होते म्हणू या. आपल्याला पचत नाही ते पचवायचे, आतड्याच्या अस्तराला खाऊ घालायचे, आणि परक्याला पाय ठेवू द्यायचे नाहीत. गोळ्यांनी ते मेले. एक तेवढा दुष्ट कवच पांघरून बसला होता. त्याला रान मोकळं मिळालं."

"बीजाणू," वाफबाई पुटपुटल्या. "नुसत्या उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत ते."

"तुम्हाला मी काय शिकवणार!"

"म्हणजे बाकीचे... आपल्या बाजूचे होते?"

"जन्मापासून."

वाफबाईंनी कोपर सोडून पाठ टेकली. "मग मी एवढी वर्षं काय केलं?"

"योग्य तेच केलंत. कात्रीवर कुणीच नको. पण पोट म्हणजे कात्री नव्हे."

देणार कोण, हा प्रश्न उरला. मुलाने गेल्याच महिन्यात तसल्याच गोळ्या घेतल्या होत्या, तो बाद. नवऱ्याला मधुमेह, तोही बाद. "धाकटी काकू चालेल," मुलगा म्हणाला. "रक्तबिक्त सगळं तपासून झालं. काकू म्हणाली, यात विचारायचं काय?"

वाफबाईंनी डोळे मिटले.

धाकट्या जावेची रोपवाटिका होती. दिवसभर हात मातीत, नखं कायम काळी. मुलगा आठ दिवसांचा असताना ती कामावरून तशीच धावत आली होती, हात पुढे करून. "थांब!" वाफबाई ओरडल्या होत्या. "कोपरापर्यंत साबण लावून ये आधी." ती गेली, धुऊन आली, पण दाराशीच उभी राहिली. पोर मोठं झालं, काकूच्या मागे मागे फिरू लागलं, पण तान्हेपणी तिने त्याला एकदाही उचललं नाही. तिला स्वतःला मूल झालं नाही. त्या दिवसाबद्दल घरात कधी कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ आली ती कापडी पिशवीत झाकणाचा डबा घेऊन.

"आणलंय हो, जाऊबाई. अगदी ताजं आहे."

"हळू बोल गं!"

"लाजायचं काय त्यात? एरवी वायाच जातं." नर्सने तोंड फिरवून हसू दाबलं आणि डबा प्रयोगशाळेत नेला.

दोघीच उरल्या. वाफबाईंनी चादरीची सुरकुती सरळ केली, पुन्हा चुरगळली. "त्या दिवशी मी तुला हात धुवायला पाठवलं..."

"कधी?"

"तुला ठाऊक आहे कधी."

जाऊ खिडकीबाहेर बघत होती. "धुतले होते मी. चांगले घासून धुतले होते. तर तुम्ही पोराला उचलून पलीकडच्या कुशीला घेतलंत."

वाफबाईंना हे आठवत नव्हतं. हात धुवायला पाठवलेलं त्यांना लख्ख आठवत होतं, ते त्यांनी मनातल्या मनात शंभरदा माफही करून घेतलं होतं. हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

जाऊ खिडकीपासून वळली. मग नाक ओढून म्हणाली, "लवकर करा म्हणावं त्यांना. शिळं होईल ते."

काम अर्ध्या तासात उरकलं. त्या दिवशी दुपारभर वाफबाई पोटावर हात ठेवून निपचित पडल्या होत्या. आत कुणीतरी बिऱ्हाडं मांडत होतं. त्यांना काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांना भूक लागली. खरीखुरी, लहान मुलासारखी भूक.

दीड महिन्याने तपासणीला आल्या तेव्हा जाऊ बरोबर होती. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला वाफबाईंनी गळच घातली. "एकदा दाखवा मला. आयुष्यभर नुसते मारले, पाहिला एकही नाही."

त्याने त्यांच्याच नमुन्याचा एक थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली आणि सूक्ष्मदर्शक नीट लावून दिला.

वाफबाई वाकल्या. आधी नुसता उजेड. मग त्या उजेडात काड्या, ठिपके, मण्यांच्या माळा. काही जागच्या जागी थरथरत होते, काही झपकन आडवे निघून जात होते. जिथे बघावं तिथे गर्दी, आणि गर्दीच्या मागे आणखी गर्दी.

"अगं बाई!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "यातले हिचे कोणते?"

"आता नाही सांगता येणार, बाई. नुसतं बघून तर नाहीच."

जावेने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "एवढे सगळे घेऊन फिरत होते मी?" ती हळूच म्हणाली. "आणि घरात एकटी बसलेय असं वाटायचं."

वाफबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तिने झटकला नाही.

"थेंब सुकत आला असेल," तंत्रज्ञ म्हणाला. "आता थांबतील ते."

जाऊ बाजूला झाली. वाफबाई पुन्हा वाकल्या. कडेकडेने हालचाल मंदावत होती, एकेक काडी जागीच थबकत होती. बाहेर पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं.

"चला, बाई," तंत्रज्ञ म्हणाला.

"थांबा जरा," वाफबाई डोळा न काढता म्हणाल्या. "एक अजून पोहतोय."