चकती कुणाची?

मी एक जुना ड्रॉइंगबोर्ड बोलतोय. आता मला सगळे 'कॉफीचं टेबल' म्हणतात, आणि तेही काही खोटं नाही.

सुताराने मला तिरका बसवला होता. यंत्रांची चित्रं काढायला मुलं माझ्यावर ओणवी व्हायची आणि मागे प्राध्यापक येऊन उभे राहिले की त्यांची रेघ हमखास वाकडी जायची. मग कॉम्प्युटर आले आणि मी जिन्याखाली धूळ खात पडलो.

मला बाहेर काढलं ते मेकॅनिकल विभागातल्या एका सरांनी. दाढीवाले, मोठ्याने हसणारे. त्यांनी मला आडवा केला, पाय ठोकले आणि जाहीर केलं, "दर शुक्रवारी इथे कॉफी. मुलं आणि आम्ही, एकत्र. मार्कांचं नाव काढायचं नाही."

वर्गात मान वर न करणारी मुलं कप हातात आला की बोलायला लागली. माणसाला हातात धरायला काहीतरी लागतं, हे मी तेव्हा पाहिलं.

त्यांतच एक मुलगी होती. बोलणं कमी, पण कॉफी दोनदा घ्यायची. तिचा धाकटा भाऊ व्हीलचेअरवर असायचा. एका शुक्रवारी ती सरांना म्हणाली, "सर, चढावर त्याचे हात दमतात. चाकावरचा हात सुटला की खुर्ची मागे येते. चाकात दातेरी चकती बसवली आणि वर एक खटका, तर?" सांडलेल्या कॉफीत बोट बुडवून तिने माझ्यावरच चकती काढून दाखवली.

"वा!" सर म्हणाले. तेवढ्यात कुणीतरी क्रिकेटचा विषय काढला. कॉफी वाळली.

पुढच्या सत्रात सर एका परिषदेहून परतले ते उड्या मारतच. "अरे, काय टाळ्या पडल्या! व्हीलचेअरची चकती. प्रवासात खिडकीशी बसलो होतो, एकदम सुचली."

ती मुलगी समोरच होती. तिने कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

शेवटी तिचा मित्र, ज्याला सगळे लंबू म्हणत, तो बोलला. "सर, ही चकती हिची आहे. इथेच सांगितली होती तिने तुम्हाला."

"जाऊ दे ना रे," ती पुटपुटली. चोरी तिच्या घरी झालेली, आणि मान तीच खाली घालून बसली होती.

सरांच्या दाढीच्या वरचा सगळा चेहरा लाल झाला. "मला खरंच वाटलं... मलाच सुचलंय असं वाटलं गं." ते खोटं बोलत नव्हते. म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. तिचं बोलणं त्यांच्या डोक्यात राहिलं होतं, ती तेवढी गळून गेली होती.

मी लाकूड. पण त्या दिवशी मलासुद्धा कुणाचा कप अंगावर नकोसा झाला.

सरांनी चूक निस्तरली. परिषदेला कळवलं, शोधनिबंधावर तिचं नाव पहिलं घातलं, भर वर्गात उभं राहून माफी मागितली. ती "ठीक आहे, सर" म्हणाली आणि शुक्रवारी पुन्हा आलीसुद्धा.

सरांना हायसं वाटलं. कप पुढे करत त्यांनी विचारलं, "मग? नवीन काही सुचलं का?"

"सुचलंय, सर," ती अगदी नम्रपणे म्हणाली. "पण ते वर्गात सांगेन. सगळ्यांसमोर."

सर आपल्या कपात चमचा फिरवत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

ती मुलगी पास होऊन गेली. माझा एक पाय आता डुगडुगतो, त्याखाली पुठ्ठ्याची घडी आहे. सर अजून येतात. हसतात, पण हळू. कुणी काही नवं सांगायला लागलं की मध्येच थांबवून विचारतात, "बाळा, आधी तुझं नाव सांग." मुलांना वाटतं, सरांना विसरायला होतं.

तुम्हीही कधी माझ्यापाशी बसलात, तर कॉफी खुशाल सांडा. ती पुसली जाते.