चिंधा नानांना मत द्या

"अभिनंदन ताई." "खूप छान ताई." मग जोडलेले हात, मग गुलाबाचं फूल, मग परत जोडलेले हात.

टेबलाखाली मोबाइल धरून मी वाचत होते आणि माझं डोकं तापत होतं. अहो, कसलं अभिनंदन? मी विचारते काय, हे सांगतात काय! सकाळी ग्रुपवर साध्या मराठीत लिहिलं होतं की 'वर्षाचा सभासद' कोण व्हावा, त्याचं नाव आणि कारण बोलून पाठवा, आज संध्याकाळी मुदत संपते. दुपारचे डबे उघडायची वेळ झाली, तरी एका माणसानं नाव घेतलं नव्हतं.

"सारिकाबाई, तुरीच्या गाडीचं वजन घेतलं का?" दलिचंद शेठनी विचारलं. जळगावात त्यांची डाळमिल आहे, तिथं मी क्लार्क.

"घेते शेठ," म्हटलं आणि परत खाली पाहिलं. आणखी एक गुलाब. बाई गं!

आमचा ग्रुप झुंबरबाईच्या चाहत्यांचा. झुंबरबाई म्हणजे खान्देशात कानबाई या देवीची गाणी म्हणणारी बाई. तिला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण तिचा आवाज ऐकल्याशिवाय ज्यांना चहा गोड लागत नाही अशी हजारभर माणसं आम्ही जमवली आहेत. धुळ्याच्या नवलभाऊंनी ग्रुप काढला. त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे. मी दुसरी अ‍ॅडमिन. दरवर्षी सभासदांनीच एका सभासदाला निवडायचं, तेही बोलून, कारण निम्म्या मंडळींना टाइप करता येत नाही. गेल्या वर्षी मतं इतकी कमी आली की रोज सुविचार टाकणारा एक गृहस्थ नुसत्या घरच्यांच्या जोरावर निवडून आला. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही.

यंदा नवलभाऊंनी निक्षून सांगितलं होतं, "ताई, लोकांना फक्त गाणी पाहिजेत. मतं आली नाहीत तर हे पुरस्काराचं लचांड कायमचं बंद."

आणि मला तो पुरस्कार यंदाच हवा होता, चिंधा नानांसाठी. नाना मूळचे पारोळ्याकडचे, पंपदुरुस्तीच्या धंद्यापायी नशिराबादला स्थायिक झालेले. कुणाच्या विहिरीवरची मोटर चालू करून दिली की हात पुसत अहिराणीत विचारायचे, "झुंबरबाईनी कॅसेट शे का घरमा?" ग्रुपवरची निम्मी गाणी त्यांनी अशी मिळवलेली. आता त्यांचे कान चाललेत. डावा गेलाच, उजव्यात ओरडावं लागतं. यंत्र लावून पाहिलं तर म्हणाले, नुसती घरघर होते. पुढच्या वर्षी अख्ख्या खान्देशानं त्यांचं नाव घेतलं तरी त्यांना काय त्याचं? मला रात्रंदिवस तेच खात होतं.

डबा तसाच ठेवून मी फोन फिरवले. जो तो म्हणे, "आम्ही काय सांगणार ताई, तुम्ही ठरवाल तो." एक जण म्हणाला, "नानांचं नाव घेतलं तर आमच्या गावच्या आबांना राग येईल, तेही आशेवर आहेत." दुसरा म्हणाला, "आधी कोणी तरी बोलू द्या, मग मी आहेच." सगळेच दुसऱ्या नंबरावर उभे! पहिलं कोणी व्हायचं?

मग मी म्हटलं, यांना वाचायला नको, चित्र दाखवू. माझ्याकडे नानांचा एकच फोटो होता, जुना, काळा-पांढरा. मोबाइलवरच्या तयार चौकटींत झेंडूच्या माळांची एक चौकट मिळाली. खाली समई होती. शुभ दिसतंय म्हणून तीच घेतली. वर लिहिलं, 'आपले चिंधा नाना', खाली लिहिलं, 'नानांविषयी दोन शब्द बोला', आणि पाठवून दिलं.

वजनकाट्यावरून परत येते तो मोबाइल टेबलावर थरथरत सरकत होता.

'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.' 'नाना, फार लवकर गेलात.'

फोटोकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. माळ, समई, काळा-पांढरा फोटो! मीच जिवंत माणसाला हार घातला होता. घाईघाईनं लिहिलं, 'नाना ठणठणीत आहेत, गैरसमज नको.' पण वाचतंय कोण? माझं लिहिलेलं वर वाहून गेलं आणि खाली माणसं बोलू लागली. सकाळपासून ज्यांच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता, तीच माणसं हुंदके देऊन बोलत होती.

तेवढ्यात नानांच्या घरून फोन आला. ताईबाई अक्का, नानांची बायको.

"काय वं सारिका, मी कुकू पुसी टाकू का आते? दारमा दोन मानसं हार लिसन उभा शेतस! आनि हाऊ माणूस त्यास्ना समोर बशीसन च्या पी राहिना!"

"अक्का, चुकलं माझं. येतेच मी."

शेठ ऐकत होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "जा. असली चूक फोनवर निस्तरत नाही."

स्कूटी हायवेला लागली आणि नवलभाऊंचा फोन आला. बाजूला थांबले.

"ताई, ग्रुपची अब्रू गेली! मी सगळं डिलीट करतो."

"हात लावू नका भाऊ! ती मतं आहेत."

"श्रद्धांजली मत कसं होईल?"

"तुमचाच नियम आहे, नाव घ्या, कारण सांगा, बोलून सांगा. नाव घेतलंय, कारण सांगितलंय, रडून का होईना पण बोलून सांगितलंय!"

पलीकडचं शिलाई मशीन थांबलं. भाऊ म्हणाले, "माणूस जिवंत पाहिजे असाही नियम आपण लिहिलेला नाही म्हणा." मग आवाज उतरवून म्हणाले, "नानांना विचारा. त्यांना वाईट वाटलं असेल तर मी एकही ठेवणार नाही."

नशिराबादला पोचले तेव्हा ओट्यावर जवळच्या असोद्याचे दोन सभासद खाली मान घालून बसले होते. हार पिशवीत कोंबलेला, पण झेंडू बाहेर डोकावत होताच. नाना मजेत बशी फुंकत होते. अक्कांनी मला दारातच फैलावर घेतलं. मी सगळं ऐकून घेतलं, मग नानांच्या उजव्या कानाशी जाऊन ओरडले, "नाना, लोकांना वाटलं तुम्ही गेलात! माझी चूक झाली!"

नानांनी मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिलं, तेव्हा मी परत तेच ओरडले. मग मोबाइलकडे बोट करून म्हणाले, "चालू कर. माले बोलू दे."

मी बटण दाबून धरलं.

"मी चिंधा बोली राहिनू. मी अजून शे. च्या पी राहिनू. बठ्ठास्ले राम राम."

असोद्याचा एक जण हसता हसता डोळे पुसू लागला. ग्रुपवर नुसता गलका उडाला. "नाना, शंभर वर्षं जगा!" "नाना, माझंही मत तुम्हाला!" सुविचारवाल्यानंही मत दिलं, आणि चक्क सुविचार न सांगता.

पण नानांना यातलं काय ऐकू येत होतं? मी मोबाइल त्यांच्या कानाला लावला. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या बाजूनं लावला. परत मान हलवली. "आज सकायपासून हाऊ बी बंद शे," ते उजव्या कानावर बोट ठेवून म्हणाले, आज लाइट नाही म्हणावं इतक्या सहज. म्हणजे मी ओरडले ते त्यांनी माझ्या ओठांवरून ताडलं होतं. एका दिवसानं उशीर झाला होता.

नाना उठले, आत जाऊन त्यांचा मोठा लाकडी स्पीकर घेऊन आले. ते झुंबरबाई ज्यावर ऐकायचे तोच. खुणेनंच सांगितलं, याला जोड. मी जोडला. पहिलं बोलणं लाव, म्हणाले.

शिरपूरच्या एका बाईंचा आवाज ओटाभर झाला. "नानांनी आमच्या पडक्या घरातून कॅसेट शोधली. झुंबरबाईच्या मागं साथीला माझी आई म्हणतेय. मला आईचा आवाज नानांनी दिला."

नानांनी पंजा पसरून स्पीकरवर ठेवला. चालू मोटरवर ठेवायचे तसा, डोळे मिटून. बाई बोलत होत्या, मध्येच रडत होत्या, आणि नानांची बोटं किंचित हलत होती. अक्का भांडायचं विसरून पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

माझा मोबाइल स्पीकरला जोडलेला, म्हणून नवलभाऊंचा फोन अक्कांच्या मोबाइलवर आला आणि अक्कांनी तो माझ्या हातात दिला. "काय म्हणतात नाना? ठेवू का काढू?"

मी नानांच्या समोर बसून, तोंड नीट हलवत, तेच विचारलं.

"चालू शे," नाना म्हणाले. "बंद करू नको."

शिरपूरच्या बाईंचं बोलणं संपलं. नानांनी हात उचलला नाही.

"कोन व्हती?" त्यांनी विचारलं. अक्कांनी बोटानं त्यांच्या दुसऱ्या तळहातावर काहीतरी खूण केली, ती त्या दोघांनाच ठाऊक. नानांनी मान डोलावली.

"पुढलं लाव," ते म्हणाले.