चौदा नंबरच्या गाळ्यातून जाणारा जिना

मॉल नवा होता तेव्हा त्याच्या मधोमध कारंजं उडत असे, आणि सरकत्या जिन्यावर पहिलं पाऊल टाकताना बायका अनोळखी बाईचाही हात घट्ट धरत. शिलाईकाकूंना ते सगळं काल घडल्यासारखं आठवे. सरकता जिना जिथे वर संपतो तिथेच, पहिल्या मजल्यावर, चौदा नंबरचा गाळा त्यांनी आणि यजमानांनी मिळून घेतला होता. जुने कपडे अल्टर करून देण्याचं दुकान. त्याला आता तीस वर्षं झाली. यजमान गेले, सरकता जिना बंद पडला, कारंज्याच्या कुंडात प्लॅस्टिकची झाडं आली आणि साठातल्या एकतीस गाळ्यांची शटरं खाली आली. काकूंचं मशीन तेवढं चालू होतं.

रविवारी गाळेधारकांची सभा होती. एका बिल्डरने सांगितलं होतं, सगळे गाळे मला विका आणि मोकळे व्हा, मी पाडून काय ते बांधीन. दुसरा मार्ग असा, की गाळेधारकांनीच पदरचे पैसे घालून मॉल नव्याने उभा करायचा. तसं करायचं तर काकूंना यजमानांच्या मागे राहिलेली सगळी शिल्लक मोडावी लागणार होती. त्यांच्या म्हातारपणाची काठी म्हणा ना. मॉल वर आला तर ठीक, नाही तर गाळाही गेला आणि काठीही.

काकूंचं मन अर्थातच पैसे घालायचे असं आधीच ठरलं होतं. तरी त्यांनी भाचीला फोन केला. ही भाची म्हणजे त्यांच्या भावाची मुलगी. चाळिशी ओलांडली, केस पांढरे व्हायला लागले, पण आत्याच्या तोंडी ती अजून ठकीच. जुन्या इमारतींवर पैसे घालावेत की नाही, हे सांगण्याचंच तिचं काम होतं. मोठमोठ्या कंपन्या तिचं ऐकत.

"येते," ठकी म्हणाली. "पण एक सांगून ठेवते आत्या. तुझ्या आठवणींना मी मार्क देणार नाही."

"देऊ नकोस. तू कधी कुणाला पुरते मार्क दिलेस?"

पहिल्या दिवशी ठकी गच्चीवर चढली, तळघरात उतरली, छताच्या फरशा उचलून आत टॉर्च मारला. दुपारी ती दुकानात आली तेव्हा केसांत जळमटं होती आणि दोन्ही गुडघे काळे.

"हाडं चांगली आहेत," स्टुलावर टेकत ती म्हणाली. "गच्ची गळते, पाइप सडलेत, वायरिंगकडे तर बघवत नाही. पण खांब ठणठणीत आहेत. बांधणाऱ्याने सिमेंट खाल्लेलं नाही."

काकूंनी मशीन थांबवलं. "मी म्हणत नव्हते?"

"थांब गं. ही नुसती शिवण उसवली. घालणार कोण, ते अजून बघायचंय."

ते वाक्य त्यांचंच होतं. कुणी जुना कोट घेऊन आलं की त्या आधी अस्तराची चार बोटं शिवण उसवत, आत किती कापड सोडलंय ते बघत, आणि मग विचारत, "घालणार कोण?" घालणारा समोर उभा असेल तर कितीही विरलेला कोट त्या हातात घेत. पण "असाच, आठवण म्हणून" असं कुणी म्हणालं, की कोट परत त्याच्या हातात. "जपून ठेवा, पण याच्यावर पैसे घालू नका." असं गिऱ्हाईक परत पाठवलं म्हणून यजमान चिडत, पुढे तेच गिऱ्हाईक आणखी चार जणांना घेऊन येई. शाळेच्या सुट्टीत ही ठकी कापायच्या टेबलाखाली बसून बटणं निवडायची. बटणं निवडता निवडता पोरीने कान उघडे ठेवले होते म्हणायचे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी ठकीने स्टूल उचललं आणि थेट मागच्या दाराशी जाऊन बसली. हातात अंगठ्याने दाबायचं छोटं मोजयंत्र. टिक, टिक, टिक.

मॉलच्या मागे मोठं हॉस्पिटल होतं आणि पुढे बस स्टॉप. मॉलमधून आरपार गेलं की तीन मिनिटं, बाहेरून वळसा घातला की पंधरा. त्यामुळे हॉस्पिटलातून परतणारी माणसं मागच्या दाराने आत शिरत आणि पुढच्याने बाहेर पडत. गाळेधारकांच्या डोळ्यांत ती फार सलत. घेत काही नाहीत आणि फरशी मळवतात! म्हणून बारा वर्षांपूर्वी सभेत ठराव झाला होता: मागच्या दाराला साखळी, साखळीपाशी वॉचमन आणि वर पाटी, 'फक्त खरेदी करणाऱ्यांसाठी'. वॉचमन प्रत्येकाला विचारी, "काय घ्यायचंय?" मॉलमध्ये नक्की काय मिळतं ते कुणालाच ठाऊक नसे, पण काकूंची बटणांची पाटी दारातून दिसायची. म्हणून सगळे एकच उत्तर देत, "बटणं."

"दिवसाला पाचशे माणसं बटणं घेतात काकू तुमच्याकडे," वॉचमन हसून म्हणाला. काकू चहा घेऊन खाली आल्या होत्या. "तुम्ही तर बंगला बांधायला हवा होता."

"एक हजार एकशे साठ," ठकी यंत्राकडे बघत म्हणाली. "त्यातली दोनशे तुम्ही परत पाठवलीत. साखळीचा ठराव कुणाचा, आत्या?"

काकूंनी कप खाली ठेवला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "माझा. मीच मांडला होता. टाळ्या पडल्या होत्या."

ठकीने वर पाहिलं, पण हसली नाही. आत्याचा चहा तिने दोन घोटांत संपवला आणि पुन्हा अंगठा चालू केला. टिक, टिक. तिचं हे काकूंना फार आवडलं. दुसरं कुणी असतं तर चार शब्द सुनावले असते. ही मोजत राहिली.

शनिवारी सकाळी निकाल आला. ठकीने कटिंगचा खाकी कागद टेबलावर पसरला, काकूंच्या डब्यातला खडू घेतला आणि मॉलचा नकाशा काढायला लागली. हात असा चालत होता, की काकू रेघांकडे कमी आणि हाताकडेच जास्त बघत राहिल्या.

"हे बघ. तुम्ही सगळे अजून पुढच्या दाराकडे तोंड करून बसलाय. पुढच्या रस्त्यावर पूल झाला, गाड्या डोक्यावरून जातात. तिथून कोणी येणार नाही, काचा लावा नाही तर झुंबरं टांगा. माणसं इकडून येतायत, मागून. रोज. फुकट. आणि तुम्ही वॉचमनला पगार देऊन त्यांना हाकलताय."

"काखेत कळसा," काकू पुटपुटल्या.

"हॉस्पिटलात जाऊन बोलून आले मी. त्यांना तपासण्यांसाठी, व्यायामोपचारासाठी जागा हवीय, दहा वर्षांच्या करारावर. वरचा मजला त्यांना द्यायचा. खाली औषधं, फळं, चप्पल, टॉवेल, घाईतल्या माणसाला लागतं ते सगळं. असं केलं तर पैसे घालण्यासारखं आहे. नुसतं पुढचं दार चकचकीत करायचं असेल तर एक पैसाही घालू नका."

"म्हणजे हो."

"सगळं ऐकून घे आधी. घातलेले पैसे परत यायला आठ-नऊ वर्षं लागतील. तू सत्तरीची आहेस."

"तोवर मरेन म्हण की."

"तेच म्हणतेय. म्हणून सगळी शिल्लक घालायची नाही. अर्धी. उरलेल्या अर्धीला हात लावलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही." ठकी थांबली. खडू कागदावर टेकलेला होता. "आणि आजाऱ्यांना मागच्या दारातून थेट वर जायला लिफ्ट आणि रुंद जिना लागेल. तो दुसरीकडे कुठे बसत नाही. मी तीन दिवस बसवून बघितला."

तिने रेघ ओढली. रेघ खालून वर आली आणि चौदा नंबरच्या बरोबर मधून गेली.

काकूंनी कागदावरून नजर वर केली. समोर यजमानांनी स्वतः ठोकलेली फळी होती. तिच्यावर रिळं रंगवार लावलेली. त्यांना वाटलं होतं, आपली ठकी आहे, काहीतरी जागा काढेल. आणि तिने सगळ्या मॉलची जागा काढली होती, आपल्या आत्याची सोडून.

"मला कुठे टाकलंस?"

"मागच्या दाराच्या आत, जिन्याखाली. पाच फूट बाय आठ."

"कपाट असतं एवढं."

"हो," ठकी म्हणाली. तिने डोळे चुकवले नाहीत.

त्या दुपारी काकू खाली गेल्या आणि मागच्या दाराशी त्याच स्टुलावर बसल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ती माणसं नीट पाहिली. उशी काखेत घेतलेला मुलगा, फायलींची पिशवी छातीशी धरलेली सून, प्लास्टर घातलेला पाय आणि त्यावर चढत नसलेली पँट. एका बाईच्या बॅगेचा पट्टा तुटला होता, सामान सावरता सावरता ती रडकुंडीला आली होती.

"काय घ्यायचंय?" वॉचमनने विचारलं.

"बटणं," बाई म्हणाली.

काकूंनी पदराला टोचलेली दोऱ्याची दाभण काढली, बॅग ओढून मांडीवर घेतली आणि आठ टाके घातले. प्लास्टरवाल्याला त्यांनी बाजूला बसवलं, पँटची शिवण गुडघ्यापर्यंत उसवून दिली. तासाभरात सात जण झाले. वरती चौदा नंबरमध्ये सबंध महिन्यात एवढी माणसं चढत नव्हती. आता कुणीतरी विचारायला हवं होतं, की घालणार कोण. तर ही माणसं घालणार होती.

रविवारी सभेत बराच आरडाओरडा झाला. अध्यक्ष म्हणजे बूटवाले, तेही पहिल्या दिवसापासूनचे. ठकीचा कागद भिंतीवर लावला होता.

"काकू, तुमचाच गाळा उडतोय आणि तुम्हीच हो म्हणताय?" बूटवाले म्हणाले. "भाचीने चांगलीच टोपी घातली की तुम्हाला!"

"माप घेतल्याशिवाय ती टोपी घालत नाही, बूटवाले. दोन दिवस दारात बसून माणसं मोजलीन तिने. तुम्ही कधी मोजलीत? मी तरी नाही मोजली. मी साखळी लावली." काकू उठून उभ्या राहिल्या. "तो ठराव माझा होता. चुकला. आज तो मीच मागे घेते. आणि माझे पैसे घालते. अर्धे. अर्धे का, ते तिला विचारा, मला घरी ओरडा बसेल."

लोक हसले. हसलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. बूटवाल्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, कागदाजवळ जाऊन मागच्या दारापासून आपल्या गाळ्यापर्यंत बोट फिरवलं आणि पहिला हात त्यांनीच वर केला. मग एकेक करत चाळीस झाले.

सभा उठल्यावर ठकी कागद गुंडाळायला लागली. "आत्या, राग नाही ना आला?"

"आला ना. तीस वर्षांचं दुकान आहे माझं, तुझ्यासाठी काय रेघ आहे!" काकूंनी कागद तिच्या हातून घेतला, पुन्हा टेबलावर पसरला आणि चष्मा नाकावर चढवला. "पण खडू दे इकडे. इथे बघ. रेघ वाकडी आलीय."

आणि टेप लावून, अंगठ्याने दाबून धरून, काकूंनी ती रेघ चौदा नंबरमधून सरळ काढून दिली.