चंदेरी रंगाखालची अँटेना

मित्रांनो, मला पाहून कोणी अँटेना म्हणणार नाही. कौलांवर दिसतात तशा माझ्या काड्या नाहीत. तळहाताएवढ्या पट्टीवर नागमोडी गेलेली तांब्याची बारीक रेघ, एवढीच मी. आता जुनी झाले आहे.

१९८६ साली रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावात प्रेमलाने मला घडवले. ती नुकतीच पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झाली होती. तिची आत्या जाईबाई हिचे भातशेत खाडीच्या बांधाला लागून होते. बांधात उघाडी होती, म्हणजे पावसाचे पाणी खाडीत सोडणारी आणि भरतीला आपोआप मिटणारी लाकडी झडप. ती अडकली तर खारे पाणी आत शिरे आणि रोपे जळत. म्हणून प्रेमलाने खारे पाणी ओळखून बिनतारी संदेश जाईबाईच्या घरच्या रेडिओवर पाठवणारे छोटे यंत्र केले आणि ते डब्यात घालून उघाडीपाशी बसवले. पहिली अँटेना लांब तारेची होती. ती वाऱ्याने मोडली. मग प्रेमलाने ठरवले, अँटेना डब्याच्या आतच मावली पाहिजे.

तांब्याचा थर दिलेल्या पट्टीवर तिने नखांच्या रंगाने रेघ काढली आणि पट्टी रसायनात बुडवली. उघडे तांबे विरघळले, रंगाखालचे उरले. तीच मी. रेघ मुद्दाम जास्त लांब ठेवली होती. ब्लेडने टोक जरासे कापायचे, संदेशाचा जोर दाखवणाऱ्या मीटरचा काटा पाहायचा, पुन्हा जरासे कापायचे. जास्त कापल्यामुळे माझ्या थोरल्या बहिणी वाया गेल्या होत्या. काटा सर्वांत वर चढला आणि प्रेमलाचा हात तिथेच थांबला. किती नेमका हात!

जाईबाईच्या घरी माझी टिकटिक सतत ऐकू येई. खारे पाणी लागले की ती भराभर होई. सगळे ठीक असतानाही यंत्राने बोलत राहावे, ही प्रेमलाचीच युक्ती. उघाडी सांभाळणारे रामजीकाका म्हणत, "जाईबाय, भाचीचा डबा तुझ्यापरीस कमी बोलतो, बरा हाय!"

पुढच्या वर्षी लावणी झाली. पावसाने उघडीप दिली तेव्हा रामजीकाकांनी उघाडीच्या लोखंडाला चंदेरी रंग दिला आणि उरलेला मायेने माझ्या प्लास्टिकच्या डब्यालाही फासला.

टिकटिक थांबली. अमावास्या होती, दुपारी मोठे उधाण येणार होते. जाईबाई ओरडली, "प्रेमला, डबा मुका झाला गो!"

प्रेमला बांधावर धावली. बॅटरी ठीक होती.

"बघ, नवऱ्यावानी सजवला," काका म्हणाले.

"काका, या रंगात ॲल्युमिनियमची पूड असते. तिने अँटेनेचा आवाज कोंडला."

"अगो बाय माझे! मी गंज चुकवाय गेलो!"

"चूक माझी. डब्याला काही लावू नका, हे मी सांगायला हवं होतं. आता खरवडा, उधाण यायच्या आत."

दोघांनी रंग खरवडला. टिकटिक सुरू झाली. सगळे घरी जेवायला बसले, तोच ती भराभर वाजू लागली. काका भरल्या ताटावरून उठले. झडपेत ओंडका अडकला होता. त्यांनी छातीभर पाण्यात उतरून तो ढकलला आणि झडप मिटली. जाईबाईचे शेत हिरवेच राहिले.

मित्रांनो, वस्तूवर माया जरूर करा, पण ती काम कशी करते ते आधी विचारा. आता माझे तांबे काळवंडले आहे. कुठे भेटले, तर चिंच घेऊन मला घासायला बसू नका. माझी रेघ फार पातळ आहे.