लाल गाडीतली पेट्रोलची नळी

मित्रांनो, मी पेट्रोलची एक जुनी नळी आहे. आत रबर आणि वर तारांचे विणलेले चकचकीत कवच, असा माझा देह. टाकीतले पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचवायचे, एवढेच माझे काम. कोणत्या वाटेने, हे मात्र मला कधी कोणी विचारले नाही.

ऑस्ट्रेलियातल्या 'व्हायला' नावाच्या गावात लिंडल आणि बेव्हन या बहीणभावांनी शर्यतीसाठी एक लाल गाडी बांधली. इंजिन लिंडलचे, चालवणार धाकटा बेव्हन. मला गाडीखाली धरून दोघे भांडू लागले.

"सायलेन्सरच्या पाइपाशेजारून सरळ ने. जवळ पडतं, जोडही कमी लागतात," बेव्हन म्हणाला.

"आणि पाइप तापला की? पलीकडून फिरवून नेऊ. वळणाचे दोन जोड जास्त लागले तर लागू देत."

"अगं, शर्यत गाडीची आहे, नळीची नाही!"

"मग कर काय करायचं ते. गाडी तुझी, जीवही तुझाच," म्हणत लिंडलने पाना टाकला.

मला जवळच्या वाटेने बसवले. मी खूश झाले. जवळची वाट वाईट कशी असेल?

शर्यतीच्या दिवशी ऊन रणरणत होते. पाइप तापला, माझ्यातले पेट्रोल उकळून त्याची वाफ अडली आणि गाडी सुरुवातीच्या रांगेतच बंद पडली. बेव्हनने गाडीतल्या इंधनपंपाला शिव्या घातल्या, फिल्टर बदलला आणि पुन्हा गाडीत बसला. माझे काय चुकले, मला कळेना. मी तर एक थेंबही सांडला नव्हता. निदान मला तसे वाटत होते.

लिंडलला राहवेना. ती गाडीखाली शिरली, माझ्यावरून हात फिरवला आणि बोटे नाकाशी नेली.

"बेव्हन, खाली उतर."

"आत्ता? नंबर आलाय माझा!"

"उतर म्हणते ना! नळी पत्र्याच्या कडेला घासून झिजलीय, पेट्रोल पाझरतंय. पेटलास तर आईला काय सांगू मी?"

बेव्हन उतरला. तिची ओली बोटे त्याने पाहिली. मग म्हणाला, "पलीकडून फिरवू. तू सांग, मी धरतो."

आता तिथे नवी नळी आहे आणि मी गॅरेजच्या भिंतीवर टांगलेली आहे. हा मान की शिक्षा, मला अजून उमगलेले नाही. शर्यत माझ्यामुळे हुकली, की चुकीच्या वाटेमुळे?

मित्रांनो, आम्ही नजरेआड असतो. गाडी सुरू करण्याआधी आमच्यावरून एकदा हात फिरवा. लिंडलने थोडा उशीर केला असता, तर हे सांगायला मी उरले नसते आणि ऐकायला बेव्हन.